रुग्णालयातील नेत्रशिक्षक आणि आपला वर्ग

मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांचे नाव गावात सर्वांना ठाऊक असते. परंतु रुग्णालयात दृष्टी तपासणारा, चष्म्याचा नंबर काढणारा आणि गावोगाव हिंडून डोळ्यांची निगा शिकविणारा जो माणूस असतो, त्याचा परिचय शिक्षकांनाही बेताचाच असतो. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे हे काम शासकीय रुग्णालयांत रुजले. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयांत ह्या माणसास नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणतात. त्याच्या कामाचा अर्धा भाग शिक्षणाचाच असल्याने येथे त्यास नेत्रशिक्षक म्हटले आहे.

सकाळी तो बाह्यरुग्ण विभागात असतो. शस्त्रक्रियेस योग्य अशा वृद्धांना निवडून अमरावतीस इर्विनमध्ये किंवा अकोल्यास सर्वोपचार रुग्णालयात पाठवावयाचे, हे नित्याचे. ह्यापुढचे काम अधिक कठीण, कारण ते लोकांच्या समजुतींशी असते. रुग्ण रोगाचे शास्त्रीय नाव सांगत नाही. डोळ्यात फूल पडले, वडस वाढला, दिवेलागणीनंतर दिसत नाही, असे तो सांगतो. ही भाषा ज्यास कळत नाही, त्याचे ज्ञान कपाटातच राहते. गाडगेबाबांच्या कीर्तनातील प्रश्नोत्तरांची रीत वऱ्हाडास परिचित आहे. समोरच्याकडूनच उत्तर वदवून घेणारा नेत्रशिक्षक येथे अधिक यशस्वी होतो, असे आम्हांस वाटते.

शेतीच्या हंगामाकडेही त्याचे लक्ष असावे लागते. पऱ्हाटी उपटताना किंवा तुरी सोंगताना काडी डोळ्यास लागते. जखम क्षुल्लक दिसते. पण वनस्पतीच्या काडीबरोबर बुरशी शिरली, तर बुबुळावर व्रण होऊन पांढरे फूल कायमचे राहते. अशा वेळी मध, दूध किंवा पाल्याचा रस घालणे घातक होय. औषधांच्या दुकानातून मनाने आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब तर बुरशीस मोकळे रानच देतात. डोळा चोळू नये व त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, एवढेच तो पुनःपुन्हा सांगतो.

चुन्याचे प्रकरण याहून भयंकर आहे. तंबाखूबरोबर घरोघरी चुन्याची पुडी असते. मूल ती खेळता खेळता दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना वरवर न थांबता आत आत भाजत जातो. येथे वाहनाची वाट पाहत बसू नये. पापण्या उघडून धरून स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान अर्धा तास डोळा धुवावा, दिसतील ते कण काढावेत आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. हा अपघात शाळेत झाला, तर त्या डोळ्याचे भवितव्य पहिल्या काही मिनिटांत तेथे हजर असलेल्या शिक्षकाच्या हाती असते.

हाच व्यवसाय मोठ्या रुग्णालयात कोणते रूप घेतो, हे पाहावयाचे तर डॉ. तात्याराव लहाने यांचे उदाहरण आहे. लातूर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या ह्या नेत्रतज्ज्ञांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात शस्त्रक्रिया व अध्यापन दोन्ही केले. १९९५ साली मातेने दिलेल्या मूत्रपिंडामुळे ते पुन्हा कामास उभे राहिले. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी शिबिरे घेतली आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता वर्गाकडे वळू. ज्या मुलास जन्मापासून अंधुक दिसते, त्यास आपणास कमी दिसते हेच ठाऊक नसते. सर्वांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. तो फळ्यावरचे चुकीचे उतरवितो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, पुस्तक नाकाशी नेतो, आणि आपण त्यास मंद म्हणून मोकळे होतो. एकच डोळा अधू असेल, तर ही लक्षणेही दिसत नाहीत. चांगला डोळा सर्व काम उरकतो, आणि दुसऱ्याकडून आलेले चित्र ग्रहण करण्याची मेंदूची सवयच नीट घडत नाही. ह्यास आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला, तर हा डोळा सुधारण्याची पुष्कळ आशा असते. पुढे ती झपाट्याने उणावते. म्हणजे ही मुदत नेमकी पहिली-दुसरीच्या वर्गात संपत येते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते खरे, पण शिक्षक तेथे रोजच असतो.

चाचणी सोपी आहे. हर्मान स्नेलन ह्या डच डॉक्टराने १८६२ साली अक्षरांचा तक्ता केला. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी त्याच धर्तीचा, तीन दांड्यांच्या फणीसारख्या चिन्हाचा तक्ता मिळतो. मुलास उजेडात सहा मीटरांवर, म्हणजे वीस फुटांवर उभे करावे व फणीचे दाते कोणीकडे ते हाताने दाखवावयास सांगावे. एकेक डोळा स्वतंत्र तपासावा. झाकताना तळहात दाबू नये, आणि बोटांच्या फटीतून पाहणाऱ्या चतुर बालकांवर नजर ठेवावी. ६/९ ची ओळ कोणत्याही एका डोळ्याने ओळखता न आल्यास मुलास नेत्रशिक्षकाकडे पाठवावे. गुण देण्याची ही परीक्षा नव्हे, हे मुलांना आधी सांगावे. नाहीतर ती तक्ता पाठ करून येतात.

मेळघाटातील शिक्षकांनी रातांधळेपणाकडेही पाहावे. संध्याकाळी अडखळणारे मूल, बुबुळाशेजारी फेसासारखा डाग, ही 'अ' जीवनसत्त्वाच्या उणिवेची चिन्हे होत. नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत ह्या जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात. धाकट्या भावंडांना ते मिळाले की नाही, हे विचारावे. पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा, शेवग्याचा पाला, पिकलेली पपई ही ह्यावरची घरचीच अन्ने आहेत.

चष्मा मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. मुलींचे चष्मे पुष्कळदा फडताळात पडून राहतात, कारण चष्मेवालीचे लग्न जुळणार नाही अशी घरच्यांना धास्ती असते. अशा घरी नेत्रशिक्षकासमवेत शिक्षकानेही जावे. वाद घालू नये. आजीस तिचा जवळचा चष्मा उतरवून सुई ओवावयास सांगावी, आणि मग नातीचे पुस्तक पुढे ठेवावे.