पोरं सर्वेक्षणात खरं कधी सांगतात?



आपल्या वस्तीत सर्वे होतच असतात. कधी आशाताई येतात, कधी कॉलेजची मुलं, कधी एखादी संस्था टॅब घेऊन येते. तरुणांना विचारतात : तंबाखू खातोस का? दारू पितोस का? लैंगिक संबंध आले का, आले तर निरोध वापरलास का? त्या वेळी दारात आई उभी असते, ओट्यावर काका बसलेले असतात, शेजारीण डोकावते. एकोणीस वर्षांचं पोरगं काय सांगणार? "नाही."

ते "नाही" फॉर्मवर चढतं आणि वर त्याची टक्केवारी होते. मग कागद म्हणतो, इथे गरज नाही. तपासणी शिबिर, व्यसनमुक्तीचा समुपदेशक, निरोधचा पुरवठा दुसरीकडे वळतो. म्हणून काय विचारलं याइतकंच कसं विचारलं, हे महत्त्वाचं आहे.

विचारण्याच्या पद्धती अनेक आहेत. पहिली, समोरासमोर. न कळलेला प्रश्न समजावून सांगता येतो, पण समोरच्याची लाज वाटते. दुसरी, फॉर्म स्वतः भरणे. यात लाज कमी, पण वाचता-लिहिता यायला हवं. तिसरी पद्धत कॉम्प्युटरची. कानाला हेडफोन लावायचा, प्रश्न आपल्या भाषेत ऐकू येतो आणि उत्तराचं बटण आपणच दाबायचं. वाचता येत नसेल तरी चालतं आणि शेजारी बसलेल्याला प्रश्नही कळत नाही.

अमेरिकेत 1995 साली 15 ते 19 वयाच्या सुमारे 1,700 मुलांवर याची तुलना झाली. कोणाला कागद आणि कोणाला कॉम्प्युटर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मुलाचा मुलाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर दीड टक्का मुलांनी सांगितलं, तर कॉम्प्युटरवर साडेपाच टक्के मुलांनी. मुलं त्याच वयाची, विषय तोच. फक्त विचारण्याची रीत बदलली.

मग सगळीकडे कॉम्प्युटरच लावावा का? तसं नाही. पुण्यात कॉलेजचे विद्यार्थी आणि झोपडपट्टीतले तरुण अशा दोन्ही गटांत वेगवेगळ्या पद्धती वापरून पाहिल्या. तो अभ्यास 2005 साली छापून आला. दोन्ही गटांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. दिल्लीच्या वस्त्यांतल्या 15 ते 19 वयाच्या मुलामुलींवर झालेला अभ्यास 2008 साली आला. त्यातही कॉम्प्युटरवर प्रत्येक वेळी जास्त कबुली मिळाली नाही. उलट फॉर्म घडाघडा वाचून न दाखवता, मोकळ्या गप्पांतून विचारण्याची पद्धत तिथे उपयोगी ठरली. मला यात नवल वाटत नाही. यंत्र अनोळखी असेल आणि उत्तर कुठे जातं हे माहीत नसेल, तर पोरगं यंत्रालाही घाबरतं. शिवाय काही मुलगे मित्रांसमोर फुशारकी मारतात, म्हणून मोठा आकडा खराच असतो असंही नाही.

यंत्राशिवायही गुप्तता राखता येते. 2006-07 मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात शेवटी एक कोरं कार्ड देत. लग्नाआधी संबंध आला की नाही, याची खूण कार्डावर करायची आणि ते पाकिटात बंद करून द्यायचं. तोंडाने काही बोलायचं नाही.

आणखी एक युक्ती नाण्याची. वॉर्नर नावाच्या संशोधकाने 1965 साली मांडलेल्या कल्पनेतून ती पुढे आली. तरुणाने नाणं गुपचूप उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, "हो" म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. एकट्याचं "हो" ऐकून कोणालाच काही कळत नाही. पण समजा, 100 जणांत 70 "हो" आले. साधारण 50 "हो" छाप्यामुळे आलेले असणार. उरलेले 20 हे काटा पडलेल्या 50 जणांमधले, म्हणजे अंदाजे 40 टक्के. एकाचंही गुपित न फुटता वस्तीचा अंदाज मिळतो.

आता आपण काय करायचं?

सर्वेवाले आले की आधी विचारा : कोणाकडून आलात, माहिती कशासाठी, नाव लिहिणार का, फॉर्म कोण बघणार? मूल 18 वर्षांखालचं असेल तर पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवं. एखाद्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा किंवा मधेच उठून जाण्याचा त्याला हक्क आहे. मुलीशी बाईनेच बोलावं, असा आग्रह धरा. घरात आडोसा नसेल तर विहाराची खोली किंवा अंगणवाडी रिकामी करून द्या. माणसं दिसतील पण बोलणं ऐकू येणार नाही, इतकं अंतर ठेवा. आणि नंतर मुलाला "काय सांगितलंस रे?" असं खोदून विचारू नका. एकदा विचारलंत की पुढच्या सर्वेत तो "नाही"च म्हणणार.

सर्वे झाल्यावर निकाल वस्तीत येऊन सांगा, असंही त्यांना बजावा. "या वस्तीतली पोरं वाया गेली" असं कोणी त्या आकड्यांवरून म्हणू लागला, तर त्याला विचारा : कॉलनीतल्या पोरांना हाच प्रश्न, याच पद्धतीने विचारलात का? पद्धत वेगळी असेल तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.