हिमोफिलिया : सोबतीचा आधार

२०२२ च्या पावसाळ्यात एक बाई पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाचा गुडघा टम्म सुजलेला. पडल्याचे निमित्तही नव्हते. घरी तेल लावून चोळले होते, शेकलेही होते. या आजारात दोन्ही घातक. तपासणीत हिमोफिलिया निघाला.

रक्त गोठवणारा एक घटक, बहुतेकांत आठव्या क्रमांकाचा 'फॅक्टर', या मुलांत जन्मतःच कमी असतो. जखमेतून रक्ताची धार लागते असे नाही, पण ते थांबत नाही. खरा धोका सांध्यांत व मेंदूत आतल्या आत होणाऱ्या रक्तस्रावाचा. साधारण ५ हजार मुलग्यांत एखाद्याला हा विकार असतो. म्हणजे गावात दुसरे असे घर सापडणे कठीणच.

बाईंना मात्र वेगळेच दुःख होते. दोष आईकडून मुलाकडे येतो हे सासरी कळले होते आणि बोलणी सुरू झाली होती. "ताई, हे कोणाच्या हातचे नसते. जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा आजार नसतो," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली, पण पटले नव्हते.

पुढे जिल्हा रुग्णालयात फॅक्टरचे इंजेक्शन घेताना भेटलेल्या एका आईने त्यांना मोबाईलवरील पालकांच्या गटात घेतले. महिन्याभराने आल्या त्या निराळ्याच.

"डॉक्टरसाहेब, गटातल्या एकीचा मुलगा इंजिनिअर झालाय. तिलाही सासरी असंच बोलायचे!"

असे रुग्ण शिकतात, नोकरी करतात, हे मीही सांगितले होते. पण माझे सांगणे पुस्तकातले, तिचे घरातले. रांगत्या मुलाच्या चड्डीला गुडघ्याशी स्पंज शिवावा, 'आत मुंग्या येतात' असे मूल म्हणाले की सूज येण्याची वाट न पाहता निघावे, हे त्यांना तिथेच कळले.

ही रीत मोबाईलआधीची आहे. जागतिक संघटना १९६३ साली फ्रँक श्नाबेल यांनी, तर आपली हिमोफिलिया फेडरेशन १९८३ साली दिल्लीत अशोक बहादूर वर्मा यांनी स्थापली. दोघेही स्वतः रुग्ण.

गटात सगळेच शहाणे असतात असे नाही. एका रात्री कुणीतरी दुखण्यावर ॲस्पिरिनची गोळी सुचवली. तिने रक्तस्राव वाढतो. बाईंनी आधी मला फोन केला, म्हणून बरे. फॅक्टरचा डोसही वजनावर आणि रक्तस्रावाच्या जागेवर ठरतो. दुसऱ्याच्या मुलाचा आपल्या मुलाला चालत नाही.

परवा त्यांचाच फोन आला. गटात आपल्या तालुक्यातली एक नवी आई आली आहे, मुलगा नऊ महिन्यांचा. लस द्यावी का, म्हणून घाबरली आहे. मी सांगितले, लस चुकवू नये. आजाराची कल्पना आधी द्यावी, बारीक सुई वापरावी, शक्य ती लस कातडीखाली घ्यावी आणि नंतर दहा मिनिटे जागा दाबून धरावी, चोळू नये.

"थांबा, लिहून घेते," त्या म्हणाल्या, "ती अजून जागीच आहे."