फोचा वाडगा आणि आईचा गोडा मसाला

(माजी विद्यार्थ्यांचे पान)

मेसमधल्या बुधवारच्या रश्श्यात बटाटा शोधणं हा आपल्या हॉस्टेलचा पिढीजात खेळ. आमच्या बॅचला वाटायचं, असा रस्सा जगात फक्त आपल्याच नशिबी आलाय. पण तसं नाही, मंडळी! १९६० च्या दशकात उत्तर व्हिएतनाममध्ये युद्धामुळे मांसाची टंचाई होती. हनोईतल्या सरकारी खानावळींत तेव्हा नूडल्स आणि नुसता रस्सा मिळायचा, मांसाचा तुकडा औषधालाही नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं, ‘वैमानिक नसलेला फो’. अमेरिकेची विनावैमानिक टेहळणी विमानं त्या काळात डोक्यावर घिरट्या घालायची, त्यावरून! मेसला नावं ठेवण्याची कला आपली एकट्याची नाही हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

या ‘फो’ची आणि माझी ओळख झाली सॅन होजेत. कॅलिफोर्नियातलं हे शहर आपल्याला सिलिकॉन व्हॅलीमुळे माहीत असतं, आणि मराठी पोरंही तिथे पुष्कळ. पण व्हिएतनामच्या बाहेर कुठल्याही एका शहरात सगळ्यात जास्त व्हिएतनामी लोक राहतात तेही तिथेच, एक लाखाहून जास्त. स्टोरी रोडच्या आसपास गेलात तर पाट्या व्हिएतनामी, डॉक्टर व्हिएतनामी, न्हावी व्हिएतनामी, आणि दर थोड्या अंतरावर एक फोचं दुकान.

माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर असंच एक छोटं दुकान होतं. पहिले चार महिने मी त्याच्या दारावरून नुसता गेलो. कारण सांगतो. काचेवरच्या यादीत वरच्या सगळ्या ओळी गोमांसाच्या. आमच्या घरी तर अंडंसुद्धा गॅलरीत स्टोव्ह नेऊन उकडायचे. चिकन मी हॉस्टेलात शिकलो, पण त्यापुढे गाडी गेली नव्हती. मग एका रविवारी सर्दी-तापाने हैराण झालो. रूममेट गावाला गेलेला, घरात फक्त ब्रेड. काहीतरी गरम पोटात जावं म्हणून शेवटी त्या दुकानात शिरलो.

आत गेल्यावर काय करायचं?

घाबरायचं काही कारण नाही. आपल्याकडच्या खानावळीसारखाच मामला. रिकामं टेबल बघून बसायचं. बऱ्याच ठिकाणी न मागता चहाची किटली येते (दूध-साखर नाही!). मेन्यूवर प्रत्येक पदार्थाला नंबर असतो. उच्चार जमत नसेल तर सरळ नंबर सांगायचा, कोणी हसत नाही. आपण लिहितो ‘फो’, पण म्हणायचं ‘फऽ’, तेही प्रश्न विचारल्यासारखा सूर वर नेत. व्हिएतनामीत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. मी पहिल्या दिवशी नंबरच सांगितला. ‘फो गा’, म्हणजे चिकनचा फो.

वाडग्याबरोबर एक ताट येतं. त्यात मुगाचे लांब मोड, लिंबाची फोड, हिरवी मिरची आणि तुळशीच्या जातकुळीतला, बडीशेपेसारख्या वासाचा पाला. हे सॅलड म्हणून वेगळं खायचं नसतं. पानं खुडून, मोड मुठीने उचलून गरम रश्श्यात टाकायचे. टेबलावर सॉसच्या बाटल्या असतात, पण आधी चमचाभर रस्सा नुसता चाखावा. आधीच सॉस ओतणं म्हणजे आजीने केलेल्या आमटीत न चाखता मीठ घालणं! उजव्या हातात चॉपस्टिक्स, डाव्या हातात खोलगट चमचा. नूडल्स ओढताना आवाज झाला तरी चालतो. बिल टेबलावर यायची वाट बघत बसू नका, बहुतेक ठिकाणी उठून गल्ल्यावर जायचं असतं.

वाडग्यातलं इंजिनिअरिंग

आता आपल्या आवडीचा विषय. हा रस्सा दिसायला पाण्यासारखा पातळ आणि स्वच्छ, पण चवीला दणकट. हे कसं जमतं?

एक : हाडं आधी उकळत्या पाण्यात थोडा वेळ टाकून ते पाणी ओतून देतात. त्याबरोबर रक्त आणि मळी निघून जाते. दोन : मग नव्या पाण्यात ती कित्येक तास मंद आचेवर ठेवतात, बुडबुडे येतील न येतील इतक्या मंद. हाडांजवळच्या कोलॅजेनचं हळूहळू जिलेटिन होतं आणि रश्श्याला अंग येतं. खळखळ उकळलं तर चरबीचे बारीक थेंब फुटून पाण्यात मिसळतात आणि रस्सा गढूळ होतो. घाई केली की काम बिघडलं! तीन : कांदा आणि आलं सालासकट विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून त्यात सोडतात. चार : भाजलेला मसाला. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलदोडा. ही यादी ओळखीची वाटतेय ना? तिच्याकडे पुढे येतो.

गोमांसाच्या एका प्रकारात मांसाचे पातळ काप कच्चेच वाडग्यात ठेवून वरून उकळता रस्सा ओततात. ते टेबलापर्यंत येईस्तोवर शिजतात. हीट ट्रान्सफर शिकलेल्यांना यात नवल नाही. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे जाडी निम्मी केली की वेळ चौथाई. त्यामुळे सगळी मदार सुरी चालवणाऱ्यावर.

नूडल्स तांदळाच्या. तांदळाचं पीठ कालवून त्याचे पातळ पापुद्रे वाफवतात आणि मग त्याच्या पट्ट्या कापतात. ‘बुन’ नावाच्या दुसऱ्या नूडल्स मात्र साच्यातून दाबून काढतात. कोकणातल्या मित्रांनो, हे तुमचे शिरवाळेच की!

तीन वेळा घर बदललेला पदार्थ

फो फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह या भागात तो रूढ झाला. तिथला शेतकरी गाई-बैल शेतीला ठेवायचा. गोमांसाची मागणी वाढली ती फ्रेंच राजवटीत, आणि उरलेल्या हाडांचा रस्सा झाला, असं सांगतात. १९५४ मध्ये देशाचे दोन भाग झाले. उत्तरेतून सुमारे आठ-दहा लाख माणसं दक्षिणेत गेली आणि त्यांच्याबरोबर फोही सायगावला गेला. मोड, पाला, सॉस असा सगळा थाट त्याला मिळाला तो दक्षिणेत. हनोईचा फो अजूनही साधाच असतो.

मग ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलं. त्या वर्षी सव्वा लाखाहून जास्त निर्वासित अमेरिकेत आले. सरकारने त्यांना मुद्दाम वेगवेगळ्या राज्यांत विखरून ठेवलं, पण माणसं आपल्या माणसांना शोधत पुन्हा कॅलिफोर्नियात गोळा झाली. नंतरच्या वर्षांत हजारो लोक लहान बोटींतून समुद्रात उतरले. कित्येक पोचलेच नाहीत. तुम्ही कधी टेबलावर हिरव्या झाकणाची, कोंबड्याच्या चित्राची तिखट सॉसची बाटली पाहिली असेल. तिच्या कंपनीचं नाव ‘हुय फाँग’. ती काढणारे डेव्हिड ट्रान ज्या मालवाहू जहाजातून व्हिएतनाममधून निघाले, त्या जहाजाचंच हे नाव. १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी हा धंदा सुरू केला.

सॅन होजेत आलेल्या अनेकांनी, विशेषतः बायकांनी, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत सर्किट बोर्ड जोडण्याचं काम केलं. हे मला त्या दुकानातल्या काकूंकडून कळलं. (मी मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणायचो.) एकदा माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून त्या म्हणाल्या, ‘मीही तुमच्याच लाइनमध्ये होते. बारा वर्षं सोल्डरिंग केलं.’ आणि बोटावरचा जुना डाग दाखवला. आपण ज्या इंडस्ट्रीचे गोडवे गातो तिचे बोर्ड कोणी जोडले, हा प्रश्न मला चार वर्षांच्या डिग्रीत पडला नव्हता.

शाकाहाऱ्यांचं काय?

पुढच्या वर्षी आई आली. आई पक्की शाकाहारी. ‘हिरवी भाजी आहे’ एवढ्यावर व्हिएतनामी दुकानात विश्वास ठेवू नका. ‘नुक माम’ म्हणजे मासे मिठात कित्येक महिने मुरवून काढलेलं पाणी, ते आपल्या मिठासारखं सगळीकडे पडतं. विचारायचा शब्द आहे ‘चाय’, म्हणजे शाकाहारी. (चहाला ‘त्रा’ म्हणतात, घोळ करू नका!) तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, मांस-मासे खात नाहीत.

मी आधी एकटाच जाऊन काकूंना विचारलं, तुमचा ‘फो चाय’ खरंच चाय आहे का? त्यांनी हातातलं काम थांबवलं. म्हणाल्या, ‘रस्सा वेगळा आहे. पण नूडल्स सगळ्या एकाच पाण्यात बुडवतो. तुझ्या आईला चालणार नाही. पौर्णिमेला आण, त्या दिवशी मी पण खात नाही, भांडं वेगळं असतं.’

त्यांना ‘हो’ म्हणून एक गिऱ्हाईक मिळवता आलं असतं. आम्हाला कळलंही नसतं.

पौर्णिमेला गेलो. मुळा, गाजर, मशरूम यांचा रस्सा, वर तळलेलं टोफू. आईने वाडगा जवळ ओढला, वास घेतला आणि म्हणाली, ‘अरे, हा तर गोडा मसाला! फक्त खोबरं, तीळ आणि दगडफूल नाही.’ भाजलेल्या कांद्याचा वासही तिने ओळखला, आपण वाटणासाठी भाजतो तसा. निघताना तिने पर्समधून घरच्या गोड्या मसाल्याची पुडी काढून काकूंना दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. काकूंनी पुडी हुंगली, आत गेल्या, आणि मूठभर चक्रीफूल कागदात बांधून घेऊन आल्या.

तुमच्यातले बरेच जण उद्या कुठे ना कुठे बाहेर जाल. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असं एखादं दुकान दिसलं तर माझ्यासारखे चार महिने दारावरून जाऊ नका. आत जा, आणि जे चालत नाही ते स्पष्ट विचारा. विचारण्यात कुणाचा अपमान नसतो. मला तरी विचारल्यावरच खरं काय ते कळलं.

आणि मेस कमिटीला एक विनंती. बुधवारच्या रश्श्यात कांदा आणि आलं एकदा विस्तवावर चांगलं काळं करून घालून बघा. बटाटा नसला तरी चालेल!