कामगार वसाहत पाहायला जाताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले की कळंब, मंचर, नारायणगावकडचा माणूस शिवनेरीकडे बोट दाखवतो. लेण्याद्री सांगतो, नाणेघाट सांगतो, श्रावणात भीमाशंकर सांगतो. त्यात वावगे काही नाही. पण याच माणसाच्या घरातले कोणी ना कोणी भोसरीला, पिंपरीला किंवा चिंचवडला कारखान्यात काम करून आलेले असते. त्या कारखान्याभोवतीची वसाहतही पाहण्यासारखी असू शकते, हे मात्र त्याच्या मनात येत नाही. सारख्या आकाराच्या चाळवजा इमारती, सरळ रस्ते, मध्ये एक मैदान आणि एक शाळा. यात पाहायचे काय?

जगात काही ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर चालून दिले जाते. दहा-पंधरा जणांचा गट, एक माहीतगार वाटाड्या आणि दोन-तीन तासांची पायपीट. पुण्या-मुंबईत आपण ज्याला हेरिटेज वॉक किंवा वारसा फेरी म्हणतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की फेरी वाड्यांतून किंवा देवळांतून जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर समाजवादी राजवटीने कामगारांसाठी बांधलेल्या वस्तीतून जाते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पोलंडमधील नोव्हा हुटा हे आहे.

पोलंड महाराष्ट्राला अगदीच परका नाही. महायुद्धाच्या काळात, 1943 पासून 1948 पर्यंत, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि सुमारे पाच हजार माणसे तेथे राहून गेली. ती माणसे येथे असतानाच त्यांच्या देशात साम्यवादी राजवट आली. त्या राजवटीने 1949 मध्ये क्राकोव या प्राचीन राजधानीच्या वेशीबाहेर एक नवे शहर उभारायला घेतले. नाव ठेवले नोव्हा हुटा, म्हणजे नवा पोलाद कारखाना. लाखभर लोकवस्तीचा आराखडा होता आणि तादेउश प्तास्झित्स्की हे त्याचे मुख्य नियोजक होते. 1951 मध्ये ही वस्ती क्राकोवला जोडली गेली आणि 1954 मध्ये कारखाना सुरू झाला. त्याला नाव दिले गेले लेनिनचे.

या वस्तीतून फेरी निघते ती बहुधा मध्यवर्ती चौकातून. चौकातून रुंद रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे फाकलेले दिसतात. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली भरभक्कम इमारती, खाली कमानी आणि खांब. वाटाड्या गटाला रस्त्यावरून आतल्या अंगणात नेतो आणि चित्र बदलते. आत झाडे आहेत, बाके आहेत, मुलांचे पाळणे आहेत. प्रत्येक भागाला स्वतःची शाळा, पाळणाघर, दवाखाना आणि दुकाने, म्हणजे लहान मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. ही कल्पना अमेरिकेतल्या क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 मध्ये मांडली होती. भांडवलशाही देशातली कल्पना समाजवादी नगरात अशी नांदते आहे, हे समोर उभे राहिल्यावर चटकन लक्षात येते. पुस्तकात ते वाचून सोडून दिले असते.

पुढे कारखान्याच्या दाराशी दोन कचेऱ्या लागतात. त्यांच्या माथ्यावर जुन्या राजवाड्यांसारखी नक्षीदार कड आहे. लोकांनी या इमारतींना गमतीने व्हेनिसच्या राजप्रमुखाचा महाल म्हटले आणि व्हॅटिकनही. कामगारांच्या राज्याला राजवाड्याचा थाट का लागावा, असा प्रश्न पाहणाऱ्याला आपोआप पडतो. इमारतींखाली अणुयुद्धाच्या भीतीने बांधलेली तळघरे आहेत, सुमारे अडीचशे. काही तळघरांतून आता लोकांना फिरवले जाते. वर पाळणे आणि खाली बाँबपासून लपण्याची जागा, असा तो काळ होता.

पण वाटाड्याची खरी परीक्षा इमारती दाखवण्यात नसते. जे दिसत नाही ते सांगण्यात असते. या वस्तीच्या आराखड्यात एक गोष्ट मुद्दामच नव्हती, ती म्हणजे देऊळ. आपल्या भाषेत देऊळ म्हणायचे, तेथे चर्च. राहायला आलेली बहुतेक माणसे खेड्यांतली आणि श्रद्धाळू होती. त्यांनी चर्चसाठी जागा मागितली. 1957 मध्ये परवानगी मिळाली, जागेवर क्रूस उभा राहिला, पण परवानगी नंतर मागे घेतली गेली. 1960 च्या एप्रिलमध्ये सरकारी माणसे तो क्रूस काढायला आली तेव्हा बाया आडव्या आल्या आणि दंगल उसळली. चर्च उभे राहायला 1977 साल उजाडले. ज्या धर्माधिकाऱ्याने त्याचे उद्घाटन केले ते कारोल वोयतिला पुढच्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे झाले. ज्या कामगारासाठी शहर बांधले त्यालाच विचारायचे राहून गेले होते, ते असे.

लेनिनचा पुतळाही येथे होता. 1973 मध्ये तो बसवला आणि 1989 मध्ये काढला. तो स्वीडनमधल्या एका करमणूक बागेत जाऊन पोचला. लेनिनच्या नावाच्या रस्त्याला आता सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीचे नाव आहे आणि मध्यवर्ती चौकाला 2004 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे नाव जोडले गेले. लेनिनच्या नावाच्या कारखान्यातल्याच कामगारांनी 1988 मध्ये सरकारविरुद्ध संप केला होता, हे लक्षात घेतले की पाट्या का बदलल्या ते कळते. नुसत्या पाट्या वाचत चालले तरी चाळीस वर्षांचे राजकारण समजते.

आता या फेऱ्यांची दुसरी बाजू. साधारण 2004 पासून परदेशी पाहुण्यांसाठी येथे एक वेगळाच धंदा निघाला. जुन्या ट्रॅबंट मोटारीत बसवायचे, सत्तरच्या दशकासारख्या सजवलेल्या खोलीत न्यायचे, दारूचा पेला आणि काकडीचे लोणचे पुढे करायचे आणि साम्यवादाची थट्टा करीत फिरवून आणायचे. पाहुणे खूश होतात. पण त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एखादी आजी पन्नास वर्षे राहिलेली असते. तिला तेथे पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले, मुले शिकली, नवऱ्याचे फुप्फुस कारखान्याच्या धुराने खराब झाले. तिच्या आयुष्याची ही गंमत नव्हे. म्हणून त्या भागाचे संग्रहालय आणि तेथेच वाढलेली माणसे ज्या फेऱ्या नेतात, त्यांचा सूर निराळा असतो. ते कौतुकही करतात आणि हिशेबही मांडतात.

हिशेब जमिनीपासून सुरू होतो. नोव्हा हुटा माळरानावर उभे राहिले नाही. मोगिला आणि आसपासच्या गावांची अत्यंत सुपीक जमीन त्यासाठी घेतली गेली. घोड नदीच्या काठच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. डिंभे धरणाच्या पाण्याने शेते भिजली आणि त्याच पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. लाभ एकाचा आणि जमीन दुसऱ्याची, हा प्रकार केवळ पोलंडचा नाही. हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 1970 च्या दशकात तो कारखाना चाळीस हजारांच्या आसपास माणसांना काम देत होता. आज त्याची मालकी एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे आहे आणि शेवटची झोतभट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय 2020 मध्ये जाहीर झाला. 2023 मध्ये मात्र पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी या वस्तीला राष्ट्रीय इतिहास-स्मारकाचा दर्जा दिला. ज्या इमारतींना लोक कुरूप म्हणत, त्या जपण्याजोग्या ठरल्या. फिरणाऱ्यांनी आणि फिरवणाऱ्यांनी वीस वर्षे केलेल्या बोलण्याचा त्यात वाटा असणारच.

हे सारे कळंबच्या माणसाने कशासाठी ऐकायचे? कारण नाशिक रस्त्याने पुण्याकडे निघून भोसरी ओलांडली आणि नाशिक फाट्यावरून पिंपरीकडे वळले, की आपल्याकडची अशीच एक जागा लागते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, लोकांच्या तोंडी एच. ए. कंपनी. मार्च 1954 मध्ये कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी तिकडे लेनिन कारखाना पेटला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1955 मध्ये येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. सरकारी क्षेत्रातला औषधांचा हा देशातला पहिला कारखाना. त्याच वर्षी जानेवारीत आवडी येथील काँग्रेस अधिवेशनाने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला होता. पिंपरीत तो ठराव विटा-सिमेंटमध्ये दिसतो.

साम्य आहे तसा फरकही मोठा आहे. आपल्याकडे हुकूमशाही नव्हती, देवळाला बंदी नव्हती आणि कामगाराला मत होते. पण विचार एकाच जातीचा होता. सरकारने कारखाना काढावा, कारखान्याभोवती घरे, शाळा, दवाखाना आणि मैदान द्यावे आणि खेड्यातून आलेल्या माणसाने तेथे नवा नागरिक व्हावे. न्यूमोनियाने दगावणारी माणसे वाचवणारे औषध परदेशातून आणावे लागू नये, ही त्यामागची साधी इच्छा होती. या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरील औषध शोधले. त्याच्या नावात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे आहेत. आपल्या पिंपरीचे एक औषध जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत आहे, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असते?

त्या परिसरातही पाट्या वाचत चालता येते. खराळवाडी हे नाव गाव असल्याच्या काळाचे आहे. नेहरूनगर हे नाव स्वप्नाच्या काळाचे. रेल्वेच्या पलीकडे पिंपरी कॅम्प आहे, फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी वसवलेला. पुढे 1962 मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले, शेतांचे भूखंड झाले. 1970 मध्ये नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये महानगरपालिका. 2022 च्या मार्चमध्ये मेट्रो धावू लागली. दोन-तीन किलोमीटरच्या टापूत गाव, निर्वासित, सरकारी कारखाना, खासगी कारखाने आणि मेट्रो असे थर एकमेकांना लागून पडलेले आहेत.

आणि हे थर पुसले जाण्याच्या बेतात आहेत. 1991 नंतर आयात खुली झाली, स्वस्त परदेशी कच्चा माल आला, कंपनी तोट्यात गेली. 2016 च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची देणी भागवण्यासाठी तिची जादा जमीन विकण्याचा निर्णय घेतला. तोट्यातल्या कंपनीने काय करावे, हा वेगळा वाद आहे. पण जमीन विकली जाते तेव्हा तिच्यावरच्या आठवणींची नोंद कोणत्याच दस्तात होत नाही. पहिल्या पिढीतले कामगार आज नव्वदीला टेकले आहेत. कोणत्या झाडाखाली पगाराच्या दिवशी गर्दी व्हायची, पहिली पेनिसिलीनची बाटली भरली तेव्हा कोण कोण हजर होते, गावाहून आलेल्या भावाला कोणत्या खोलीत ठेवून घेतले, हे त्यांच्याबरोबरच जाईल.

म्हणून अशी फेरी येथेही निघावी. त्यासाठी फार खर्च लागत नाही. रहिवाशांची आणि जेथे लागेल तेथे कंपनीची परवानगी आधी घ्यावी. गट लहान ठेवावा. सकाळची वेळ बरी, कारण उन्हात म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही. वाटाड्या म्हणून बाहेरचा तज्ज्ञ आणण्याऐवजी निवृत्त कामगार आणि त्याची पत्नी या दोघांनाही बोलवावे. कारखान्यातले पुरुष सांगतो, वसाहतीतले बाई सांगते. पाणी किती वाजता यायचे, रेशन कोठे मिळायचे, संपाच्या महिन्यात घर कसे चालले, हे तिला विचारावे. लोकांच्या दारा-खिडक्यांतून छायाचित्रे काढू नयेत. जे सांगितले जाईल ते कोणी तरी वहीत उतरवून घ्यावे. नुसते गोड गोड ऐकून परत येऊ नये. जमीन कोणाची होती, कायम कामगार किती आणि रोजंदारीवर किती, धूर आणि सांडपाणी कोठे गेले, हेही विचारावे.

शाळांच्या सहली निघतात तेव्हा शिवनेरी दाखवावाच. तो आपला मान आहे. पण त्या सहलीतल्या अनेक मुलांचे आजोबा किल्ल्यावर नव्हे, कारखान्याच्या पहिल्या पाळीला हजर झाले होते. त्यांची जागाही इतिहासाचीच आहे. तेथे कोणी तिकीट लावलेले नाही. सोबत चालणारा एक म्हातारा माणूस असला की पुरे. आणि तो असेपर्यंतच हे जमणार आहे.