आठाला उणे, अठराला शून्य

नेरुळच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थिनीने पत्रातून विचारलंय, ‘गूगल नव्हतं, एआय नव्हतं, तेव्हा प्रोग्रॅम चुकला तर तुम्ही लोक करायचात तरी काय?’ खरं उत्तर द्यायचं तर, मुकाट्याने घरी जायचो.

साल १९९५. वाशीच्या एका क्लासात चपला बाहेर काढून एसी लॅबमध्ये शिरायचं, एका मशीनवर दोघांनी बसायचं आणि तास संपला की उठायचं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, पण आमच्या लॅबच्या गावीही ते नव्हतं. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये किती आलं याचा तक्ता मांडायचा (याला ड्राय रन म्हणत), मग टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर टाइप करायचा आणि कंट्रोल-एफ९ दाबायचं.

माझा फॅक्टोरियलचा (एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम सातपर्यंत शहाण्यासारखा वागला. उत्तर आलं ५०४०. आठ दिले, तर उणे २५,२१६! एक ते आठ, सगळ्या धन संख्या, आणि गुणाकार ऋण. एरर नाही की वॉर्निंग नाही. मदत अगदीच नव्हती असं नाही. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ१ दाबलं की त्या फंक्शनची माहिती यायची. पण ‘माझं उत्तर उणे का?’ याला एफ१ कडे जवाब नव्हता. सर म्हणाले, ‘इंटच्या जागी लाँग इंट घे.’ घेतलं. उत्तर पुन्हा उणे २५,२१६. तोवर दारात पुढची बॅच उभी.

तो आकडा मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरलो. उलगडा झाला तो लॅबमध्ये नाही, हार्बरच्या गाडीत, वहीच्या मागच्या पानावर. टर्बो सीचा इंट १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ घरांचं वर्तुळ. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसंच. फरक एवढाच, की इथे निम्मं वर्तुळ ऋण संख्यांना दिलेलं. ३२,७६७ च्या पुढचं पाऊल थेट उणे ३२,७६८ वर पडतं. आठचं फॅक्टोरियल ४०,३२०. त्यातून ६५,५३६ वजा करा. उणे २५,२१६! वाशीचा खाडीपूल कधी मागे गेला, कळलं नाही.

मग लाँग घेऊनही तेच का? कारण आकडा आता नीट साठला होता, पण छापताना मी प्रिंटएफमध्ये %d तसंच ठेवलं होतं. ते लाँगच्या ३२ पैकी खालचे १६ बिट उचलायचं आणि तोच जुना आकडा दाखवायचं. %ld लिहिलं आणि ४०,३२० अवतरले. त्याहून गंमत प्रोसेसरची. इंटेलच्या ८०८६ ला गुणाकार १६ बिटांत मावला नाही हे कळतं, तो तशी खूणही करून ठेवतो. सी भाषा ती खूण विचारतच नाही.

हे सगळं ज्यांच्या पुस्तकामुळे आमच्या हाती लागलं, ते नागपूरचे यशवंत कानेटकर. व्हीजेटीआय आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा माणूस. त्यांचं ‘लेट अस सी’ माझ्या पिढीच्या दप्तरात होतंच. माझी प्रत किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरची, आधीच्या मालकाने पेन्सिलीने रंगवलेली. महाराष्ट्रातल्या संगणकाचा इतिहास सांगताना आपण १९९१ च्या ‘परम ८०००’ महासंगणकापाशी अभिमानाने थांबतो, ते रास्तच. पण खेड्यापाड्यांतल्या मुलांना सी शिकवली ती या पुस्तकाने, आणि त्याची नोंद कुणी घेत नाही.

आता ‘तेव्हा सगळे खोलात शिकायचे’ हे पुराण मात्र मला मान्य नाही. बहुतेकांनी प्रोग्रॅम घोकले. ‘व्हॉइड मेन’ आणि ‘गेटसीएच’ मंत्रासारखे उतरवले आणि पास झाले. यंत्रं ३२ बिटांची झाल्यावरही कित्येक कॉलेजांत टर्बो सीच चालू राहिलं, आणि इंट दोन बाइटचाच, हे पाठांतरही. माझा तो आठवडाही थोडा वायाच गेला. आज तुला तेच उत्तर दहा सेकंदांत मिळेल, आणि मिळावंच.

आणि आकडा न मावण्याची ही चूक काही नवशिक्यांचीच नव्हती. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. वेगाशी संबंधित एक मोठा आकडा १६ बिटांत कोंबायला गेले आणि तो मावला नाही. तो कोड जुन्या, कमी वेगाच्या एरियान-४ चा होता.

त्या वहीतलं एक कोडं मात्र उरलं होतं. त्याच चुकीच्या प्रोग्रॅमला १८ दिले की उत्तर येतं शून्य, आणि पुढे कायम शून्यच. कारण १८ च्या फॅक्टोरियलमध्ये दोन हा अवयव बरोबर सोळा वेळा येतो. १८ पर्यंत सम संख्या ९, चारने भाग जाणाऱ्या ४, आठने जाणाऱ्या २, सोळाने जाणारी १. एकूण १६. प्रत्येक दोन खालचा एकेक बिट शून्य करतो, म्हणून सोळाच्या सोळा बिट रिकामे!

तुझ्या लॅपटॉपवर इंट ३२ बिटांचा असेल. तिथे शून्य ३४ ला येतं. कुणालाही विचारू नकोस, आधी कागदावर मोज.