डांबरी मिश्रणाची प्रयोगशाळेतील परीक्षा आणि रस्त्याचे आयुर्मान : ओतूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात येतो आणि ओतूर, आळेफाटा या मार्गाने अहिल्यानगरकडे जातो. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २२२ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ चा भाग आहे. ओतूरच्या बाजारातील कांदा, परिसरातील भाजीपाला आणि विघ्नहर सहकारी साखर कारखान्याकडे जाणारा ऊस यांची वाहतूक या व याला जोडणाऱ्या रस्त्यांवरून होते. त्यामुळे रस्त्याची अवस्था हा या भागात केवळ प्रवासाच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. मालाला मिळणारा भाव, रुग्णाला दवाखान्यात पोहोचण्यास लागणारा वेळ आणि दुचाकीस्वाराची सुरक्षितता यांच्याशी तो निगडित आहे.

रस्ता खराब झाला की दोष पावसाला, अवजड वाहनांना किंवा भ्रष्टाचाराला दिला जातो. परंतु रस्त्यावर टाकले जाणारे डांबरी मिश्रण किती काळ टिकेल, याचा अंदाज ते टाकण्यापूर्वीच प्रयोगशाळेत बांधता येतो. या चाचण्या कोणत्या, त्या नेमके काय सांगतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. येथे कोणत्याही विशिष्ट कामाचे मूल्यमापन केलेले नाही. ज्या आकड्यांना उदाहरण म्हटले आहे, ते समजुतीसाठी घेतलेले आहेत.

डांबरी मिश्रणाचे स्वरूप

डांबरी मिश्रण म्हणजे निरनिराळ्या आकारांची खडी, दगडाची भुकटी, डांबर आणि हवा यांचा समुच्चय होय. वजनाने सुमारे ९५ टक्के भाग खडी व भुकटीचा आणि सुमारे ५ टक्के डांबराचा असतो. हवेचे वजन नगण्य असले तरी रस्त्याचे आयुष्य ठरविण्यात तिचा वाटा मोठा आहे. पोकळी फार राहिली तर पाणी आत शिरते. ती फारच कमी राहिली तर उन्हाळ्यात प्रसरण पावलेल्या डांबराला जागा उरत नाही, ते वर येते आणि रस्ता सरकू लागतो.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील खडी बेसाल्टची असते. लेण्याद्रीची लेणी ज्या खडकात कोरली आहेत, त्याच कुळातील हा दगड आहे. रासायनिक दृष्ट्या बेसाल्टशी डांबराचे नाते क्वार्ट्झाइटसारख्या सिलिकाप्रधान दगडापेक्षा चांगले जुळते. मात्र सर्व बेसाल्ट सारखा नसतो. दख्खनच्या पठारावर घट्ट लाव्हाथरांबरोबरच सच्छिद्र व झिओलाइटयुक्त थरही आढळतात. असा दगड पाणी अधिक शोषतो. म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार खडीचे जलशोषण २ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, अशी अट आहे. खडीवर धूळ चिकटलेली असल्यास डांबर दगडाला न चिकटता धुळीला चिकटते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

मार्शल चाचणी

डांबराचे योग्य प्रमाण ठरविण्यासाठी भारतात मुख्यतः मार्शल पद्धत वापरली जाते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागातील ब्रूस मार्शल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती मांडली. दुसऱ्या महायुद्धात विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ती विकसित केली.

या पद्धतीत सुमारे १२०० ग्रॅम गरम मिश्रण १०१.६ मिलिमीटर व्यासाच्या साच्यात भरतात. ४.५४ किलोग्रॅम वजनाचा हातोडा ४५७ मिलिमीटर उंचीवरून सोडून दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ७५ ठोके देतात. तयार झालेली वडी ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवून नंतर यंत्रात दाबतात. ती मोडण्यापूर्वी जो कमाल भार सहन करते ती ‘स्थिरता’, आणि तोपर्यंत जेवढी दबते ते ‘प्रवाहमूल्य’ होय. व्हीजी-३० श्रेणीचे डांबर वापरलेल्या दाट मिश्रणासाठी किमान ९ किलोन्यूटन स्थिरता, २ ते ४ मिलिमीटर प्रवाहमूल्य आणि ३ ते ५ टक्के पोकळी अपेक्षित असते.

साठ अंश हे तापमान सहेतुक निवडलेले आहे. वैशाखात डांबरी पृष्ठभाग हवेपेक्षा खूपच अधिक तापतो आणि त्याच वेळी तो सर्वांत मऊ असतो. तथापि वडी मोडण्याची क्रिया काही सेकंदांत पूर्ण होते. ओतूरच्या बाजारपेठेतून संथ गतीने जाणारा मालट्रक किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यावर दीर्घकाळ भार टाकतो. संथ भाराखाली डांबर अधिक वाहते व चाकोरी पडते. म्हणून मार्शल स्थिरता अधिक असली की रस्ता अधिक टिकेल, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

चाकोरी आणि पाणी यांच्या चाचण्या

ही उणीव भरून काढण्यासाठी चाक फिरविण्याची चाचणी उपयोगी पडते. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात मिश्रणाचा नमुना साधारणतः ५० अंश तापमानाच्या पाण्यात ठेवून त्यावरून पोलादी चाक २०,००० वेळांपर्यंत फिरवितात आणि पडलेल्या चाकोरीची खोली मोजतात. आरंभी ही खोली हळूहळू वाढते. एका टप्प्यानंतर ती एकाएकी वेगाने वाढू लागली, तर डांबर खडीपासून सुटू लागल्याची ती खूण मानली जाते.

पाण्याचा परिणाम स्वतंत्रपणे मोजण्यासाठी ताणसामर्थ्य गुणोत्तराची चाचणी आहे. नमुन्यांचे दोन गट करतात. एक गट कोरडा ठेवतात. दुसऱ्यात निर्वाताच्या साहाय्याने पाणी भरून तो ६० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवतात. त्यानंतर दोन्ही गट २५ अंश तापमानाला उभ्या व्यासावर दाबून फोडतात. ओल्या गटाचे सामर्थ्य कोरड्याच्या किमान ८० टक्के असावे, अशी अपेक्षा असते. उदाहरणार्थ, एखाद्या मिश्रणाची स्थिरता १२ किलोन्यूटन आहे, परंतु त्याचे कोरडे सामर्थ्य ९०० किलोपास्कल व ओले ६३० किलोपास्कल आहे. हे मिश्रण मार्शल चाचणीत उत्तम ठरेल, मात्र त्याचे गुणोत्तर ७० टक्के असल्याने पाण्याच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण होईल. अशा वेळी खडीच्या वजनाच्या २ टक्के विरी गेलेला चुना मिसळणे हा मान्य उपाय आहे.

जुन्नर तालुक्यात या चाचणीला विशेष महत्त्व आहे. माळशेजच्या माथ्यावर मुसळधार पाऊस पडतो आणि पूर्वेकडे जाताना तो झपाट्याने घटत जातो. एकाच मार्गावर घाटात पाणी, ओतूरच्या बाजारपेठेत संथ भार आणि आळेफाट्यापुढे ऊन, अशी प्रमुख कारणे बदलत जातात. म्हणून या टप्प्यांत कोणत्या चाचणीच्या निष्कर्षाला अधिक वजन द्यावे, हेही बदलणे युक्त ठरते.

चाचणीपासून आयुर्मानापर्यंत

प्रयोगशाळेतील आकड्यावरून आयुष्याचा अंदाज कसा बांधतात, हे भारतीय रस्ते महासभेच्या ३७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतून (२०१८) स्पष्ट होते. वाहनांच्या आवर्ती भाराने डांबरी थर थकतो व त्याच्या तळाशी भेगा सुरू होतात. हे किती फेऱ्यांनंतर घडेल, याच्या सूत्रात मिश्रणातील पोकळी व परिणामकारक डांबराचे आकारमान यांवर आधारित एक गुणांक असतो. पोकळी ३.५ टक्के व डांबर ११.५ टक्के असल्यास हा गुणांक सुमारे २.३५ येतो. हेच मिश्रण रस्त्यावर नीट दाबले गेले नाही आणि पोकळी ७ टक्के राहिली, तर तो सुमारे ०.४२ पर्यंत घसरतो. अन्य बाबी समान धरल्या तर थकव्याचे अपेक्षित आयुष्य पाचव्या हिश्शाहूनही कमी होते. खडी तीच, डांबर तेच आणि खर्चही तोच असताना हा फरक रोलरच्या फेऱ्यांनी व मिश्रणाच्या तापमानाने पडतो.

व्हीजी-३० डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश आणि दाबताना किमान ९० अंश तापमान राखावे लागते. घाटमाथ्यावरील गार वाऱ्यात पातळ थर लवकर निवतो आणि निवलेले मिश्रण कितीही दाबले तरी बसत नाही. काम पूर्ण झाल्यावर रस्त्यातून गाभा काढून त्याची घनता तपासतात. मिश्रणाची कमाल सैद्धांतिक घनता २.५८ आणि गाभ्याची घनता २.३५ असेल, तर घट्टपणा ९१ टक्के व पोकळी ९ टक्के ठरते. विनिर्देशांतील किमान ९२ टक्क्यांची अट येथे पूर्ण होत नाही. प्रयोगशाळेतील वडीची घनता २.४८ असली तरी त्या वडीवरून वाहने जाणार नसतात.

चाचण्यांच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी की, डांबरी थराची चाचणी त्याखालील जमिनीविषयी काही सांगत नाही. नदीखोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील रस्त्याला उत्तम मिश्रण असूनही भेगा पडू शकतात. गटारे व मोऱ्या तुंबल्या तर पाणी खालून शिरते. दुसरे असे की, अनेक ग्रामीण रस्त्यांवर केवळ २० मिलिमीटर जाडीचे कारपेट व त्यावर सीलकोट असतो. अशा मोकळ्या मिश्रणाला मार्शल पद्धत लागू होत नाही. तेथे खडीची स्वच्छता, डांबराचे प्रमाण व सीलकोटची सलगता यांचीच तपासणी करावी लागते.

तिसरी बाब उत्तरदायित्वाची आहे. १९७० च्या दशकात बांधलेला पुण्याचा जंगली महाराज रस्ता दीर्घकाळ खड्ड्यांविना टिकल्याबद्दल आजही उदाहरण म्हणून सांगितला जातो. त्या कामाला दहा वर्षांची लेखी हमी होती. ज्याला दहा वर्षे उत्तर द्यावयाचे आहे, त्याला चाचणीचा खरा निष्कर्ष हवा असतो. ज्याला देयक मंजूर होण्यापुरताच अहवाल हवा आहे, त्याला कोणताही निष्कर्ष चालतो.

निष्कर्ष

१. मार्शल स्थिरता हा मिश्रण निवडीचा आवश्यक निकष असला तरी आयुर्मानाचे पूर्वानुमान करण्यास तो एकटा अपुरा आहे.

२. माळशेज ते ओतूर या पावसाळी टप्प्यात ताणसामर्थ्य गुणोत्तर, तर बाजारपेठा व चढांच्या ठिकाणी चाकोरीची चाचणी निर्णायक मानावी.

३. प्रयोगशाळेतील वडी व रस्त्यातील गाभा यांच्या पोकळीतील फरक हा कामाच्या गुणवत्तेचा सर्वांत बोलका आकडा आहे. त्याची पडताळणी साध्या वजनकाट्याने व पाण्याच्या भांड्याने होऊ शकते, परंतु त्यासाठी कमाल सैद्धांतिक घनतेची नोंद उपलब्ध असली पाहिजे.

४. चाचणी अहवाल ग्रामपंचायतीत व कामाच्या फलकावर प्रसिद्ध झाल्यास ‘रस्ता चांगला झाला का’ या प्रश्नाला नागरिकांना ‘घट्टपणा किती टक्के आला’ असे नेमके रूप देता येईल. भौतिकशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र या विषयांच्या महाविद्यालयीन अध्यापनातही या आकड्यांचा उपयोग करता येण्यासारखा आहे. रस्त्याची परीक्षा पावसाळा घेतोच. ती त्याआधी प्रयोगशाळेत घेतली, तर अनुत्तीर्ण होण्याची किंमत प्रवाशाला मोजावी लागत नाही.