जेट बोट अडली तर आधी इंजिन खोलू नका

खानदेशात जेट बोट कोठून आली, असे वाचक विचारतील. विचारणे रास्त आहे. आपल्या नद्यांवर दिसतात त्या बहुतेक बोटी पाण्याखालच्या पंख्यावर चालणाऱ्या. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, तिच्या रबरी बोटींनाही मागे टांगलेले पंख्याचेच इंजिन असते. मग आमच्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याने जेट बोटीवर लिहिण्याचे कारण काय? कारण असे की जेट बोट म्हणजे इंजिनला जोडलेला पाण्याचा पंप, दुसरे काही नाही. आणि इंजिनला जोडलेला पंप रावेर, यावल, चोपड्यापासून शिरपूर, शिंदखेड्यापर्यंतच्या आपल्या मिस्त्री लोकांनी दोन-तीन पिढ्या हाताळला आहे. हे हुनर जवळ असून ‘बोटीचे काम आपले नव्हे’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणे आम्हाला पटत नाही.

हा पंप बोटीत बसवून यशस्वी करणारा माणूसही मूळचा शेतीवाडीतलाच. न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन यांचे मेंढ्यांचे मोठे कुरण होते. तिकडच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या. पंख्याची बोट लगेच आपटायची. १९५४ च्या सुमारास त्यांनी बोटीच्या पोटातून पाणी ओढून मागे जोराने फेकणारा पंप बसवला. सुरुवातीला पाण्याची धार बोटीखाली सुटत होती, वेग बेताचाच मिळे. धारेचे तोंड पाण्याच्या वर आणले आणि बोट पळू लागली. १९६० मध्ये अशा बोटी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या प्रचंड दरीतून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. १९७७ मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी अशाच तीन बोटी घेऊन गंगासागरहून निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत गंगेच्या उलट्या धारेत वर गेले. आज तटरक्षक दलाच्या वेगवान गस्ती नौकांना आणि किनाऱ्यावरच्या जेट स्कीलाही हेच तत्त्व आहे.

आता दुरुस्तीकडे वळू. बोट नीट ओढत नाही अशी तक्रार आली की पाना हातात घेण्याआधी इंजिनचे फेरे, म्हणजे आरपीएम, पाहावेत. पूर्ण रेस दिल्यावर चांगल्या स्थितीतल्या जेट बोटीचे फेरे एका ठराविक आकड्यावर थांबतात. तो आकडा हीच खरी नाडी. फेरे नेहमीपेक्षा जास्त आणि बोट मात्र जागची हलत नाही, तर इंजिन निर्दोष आहे. पंपाने पाणी सोडले आहे. नदीकाठी ऑईल इंजिन लावणाऱ्याला हे सांगायला नको. फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपले शेतकरी फुटबॉल म्हणतात, तो कचऱ्याने तुंबला किंवा सक्शनला हवा धरली की इंजिनचा आवाज एकदम हलका होतो आणि पाइपातून पाणी येत नाही. येथेही तेच. बोटीच्या पोटाखालच्या जाळीत जलपर्णी, प्लॅस्टिकची पिशवी, दोर किंवा जाळ्याचा तुकडा अडकलेला असतो. इंजिन बंद करून बोट स्थिर होऊ द्यावी. पुष्कळदा कचरा आपोआप खाली पडतो. हात घालायचाच तर आधी किल्ली काढून खिशात ठेवावी. चालू इंजिनच्या जाळीत हात घालणाऱ्याची बोटे परत मिळत नाहीत.

जाळी स्वच्छ असूनही तीच तक्रार राहिली, तर आतला पंखा आणि त्याभोवतीची रिंग पाहावी. लहान बोटीत या दोघांतली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. वाळूच्या पाण्यात ती झिजून वाढते आणि पाणी मागे सुटण्याऐवजी आतल्या आत फिरते. तापीचे पाणी किती गाळ आणते हे हतनूरच्या धरणाकडे पाहून कळते. म्हणून उथळ पाण्यात उभ्या बोटीला रेस देऊ नये. दोन-तीन फूट पाण्यापर्यंत बोट हाताने ढकलावी, मग इंजिन चालू करावे.

याउलट फेरेच कमी मिळत असतील, तर दोष इंजिनकडे असतो, किंवा पंख्यात काही अडकून तो जड झालेला असतो. इंजिन बंद करून, किल्ली काढून पंखा हाताने फिरवून पाहिला की शंका फिटते. त्यानंतर आपले नेहमीचे शास्त्र लागू. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त, तेव्हा एअर फिल्टर पाहा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते, रिंगा गेल्या. पांढरा धूर थंड इंजिनला थोडा वेळ येतोच; गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा हेड गॅस्केटमधून पाणी शिरते. चालता चालता दम तोडून बंद पडणारे इंजिन बहुधा डिझेलसाठी तडफडत असते. आधी फिल्टर, मग पाणी वेगळे करणारी वाटी, मग लाइनमधली हवा. अर्धी भरलेली टाकी पावसाळ्यात उभी राहिली की आत वाफ धरून पाणी साचते. पेट्रोल इंजिनचे दुखणे आता आणखी वाढले आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. हंगाम संपल्यावर टाकीत तसेच ठेवलेले पेट्रोल पुढल्या हंगामात बोट सुरू होऊ देत नाही. जेट स्की अजिबातच दाद देत नसेल, तर आधी चालकाच्या मनगटाची सुरक्षा-दोरी खटक्यात बसली आहे का ते बघावे. ती बसली नसताना सेल्फ बदलून देणारे महाभागही आहेत.

इंजिन तापण्याची गोष्ट निराळी. पुष्कळ जेट बोटींत इंजिनला थंड करणारे पाणी जेटच्या पंपातूनच घेतात. पाण्यावर चालणाऱ्या ऑईल इंजिनला डिलिव्हरी पाइपातून बारीक नळी काढून जॅकेटला जोडतात, अगदी तसेच. त्यामुळे तापणे आणि वेग मंदावणे एकदम सुरू झाले, तर मूळ जाळीत आहे. वेग ठीक, पण काटा चढतो, तर नळीत किंवा कूलरमध्ये वाळू बसली आहे. बोट जमिनीवर असताना कोरडे इंजिन चालवून दाखवण्याचा मोह टाळावा. पाण्यावाचून पंपाची ग्लँड जळते, तसेच येथले सील आणि बेअरिंग जाते.

या सगळ्यात जीवाचा प्रश्न आहे. जेट बोटीला सुकाणू नसते. पाण्याची धार वळवून ती वळते, म्हणून रेस बंद झाली की वळणेही बंद. सुलवाडे, सारंगखेडा किंवा प्रकाशाच्या बॅरेजजवळ दरवाजे उघडे असताना इंजिन गेले, तर चालकाच्या हातात काही उरत नाही. नदी कशी घात करते हे मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ दिसले. प्रवरेत शोधकार्य करताना बोट उलटून धुळ्याच्या प्रतिसाद दलाचे तीन जवान गेले. तेथे दोष प्रवाहाचा होता, पण अशा पाण्यात अर्धवट दुरुस्त इंजिन घालणे कोणी पत्करू नये. नर्मदेच्या फुगवट्यावर अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांना बोटीतूनच दवाखाना जातो. तेथे इंजिन बंद पडण्याचा अर्थ रस्त्यावर जीप बंद पडण्यासारखा नाही.

आता थोडे हिशेबाचे. लोडशेडिंगच्या वर्षांत धुळ्याचे लूमवाले जनरेटरवर माग चालवत, तेव्हापासून आम्ही पाहतो की आपला मिस्त्री तपासणीचे पैसे मागत नाही. सुटा भाग आणि मजुरी एवढेच बिल. मग जाळीतली पिशवी काढायचे काय घेणार? म्हणून हेड उघडले जाते, गिऱ्हाइकाला खर्च पडतो आणि ते पुढच्या वेळी पुण्या-मुंबईचा माणूस बोलावते. आमच्या मते तपासणीचा दर ठरवून पाटीवर लिहावा आणि दोष पाच मिनिटांत सापडला तरी तो घ्यावा. बोट ठेवणाऱ्याशी हंगामाचा ठराव करावा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पाहणी. पहिल्या पाहणीतच, बोट चांगली चालत असताना, पूर्ण रेसचे फेरे किती, काटा कोठे थांबतो आणि पंख्याची फट किती, हे वहीत तारखेसह लिहून मालकाची सही घ्यावी. पुढे तक्रार आली की ताडून पाहायला तोच आकडा लागतो.